एकाच वाड्यात मुस्लिम, कॉप्ट आणि ज्यू: जुन्या कैरोत रोजचा व्यवहार कसा चालायचा?

वाचनकट्टा_दादर

नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर पुढच्या महिन्यात जुन्या मुस्लिम शहरांतल्या इतर समाजांवर दीड तासाचं सत्र आहे. बगदाद, कॉर्दोबा, इस्तंबूल सगळं कोंबण्यापेक्षा एकच शहर धरायचं ठरलंय: फुस्तात, म्हणजे आजच्या कैरोचा दक्षिणेकडचा जुना भाग. काळ साधारण दहावं ते तेरावं शतक.

अडचण अशी की वाचायला मिळतं ते दोन टोकांचं. एक म्हणतो सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, दुसरा म्हणतो मुस्लिमेतर सगळे जीव मुठीत धरून होते. समोर बसणारी मंडळी चाळीत, बाजारपेठेत, सोसायटीच्या कमिटीत मुरलेली आहेत. त्यांना व्यवहार कळतो. त्यामुळे मला विचारायचंय ते असं: वस्त्या वेगळ्या होत्या का? घर सामायिक असलं तर वाटे कसे पडत? एकाची सुट्टी शुक्रवारी आणि दुसऱ्याची शनिवारी, मग भागीदारीतलं दुकान कसं चाले? कर कोणाला किती? आणि मुख्य म्हणजे हे बिघडायचं कुठे? आकडे असतील तर फार बरं.

चतुःसीमा

घरांपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं तिथूनच निघतं.

फुस्तातमध्ये दार लावून घेतलेली ज्यू वस्ती नव्हती. इ.स. ६४१-४२ मध्ये अम्र इब्न अल-आसने शहर वसवलं ते बाबिलोन नावाच्या रोमन किल्ल्याला लागून. किल्ल्याच्या आत आणि आसपास कॉप्टांची, म्हणजे इजिप्तच्या मूळच्या ख्रिश्चनांची, चर्चं होती, बेन एझ्रा हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) तिथेच. ज्यूंची दाटी त्या बाजूला जास्त, पण शेजार मिश्र. हे कळतं खरेदीखतांवरून. आपल्याकडे खतात चतुःसीमा लिहितात तशीच तिथेही लिहीत, फक्त क्रम वेगळा. आपण पूर्वेपासून निघतो, ते किब्ल्याकडची (नमाजाच्या दिशेची) म्हणजे दक्षिणेची बाजू आधी धरत, मग समुद्राकडची उत्तर, मग पूर्व, मग पश्चिम. या चार हद्दींत एकीकडे मुस्लिमाचं घर, दुसरीकडे ख्रिश्चनाचं, तिसरीकडे गल्ली, असं सहज सापडतं. विकणारा ज्यू, घेणारा ज्यू, आणि हद्दीवर तिन्ही धर्मांची माणसं.

आता वाटे. घर किंवा जमीन २४ भागांची धरत, एका भागाला किरात म्हणत. आपल्याकडे सातबाऱ्यावर आणेवारी असते, अमक्याचा चार आणे हिस्सा, तसंच हे, फक्त सोळाच्या जागी चोवीस. दिनारचेही २४ किरातच, म्हणजे पैशाचा आणि घराचा अपूर्णांक एकच, हिशेब तोंडी करता येतो. आणि २४ ला २, ३, ४, ६, ८ यांनी भाग जातो, वारसाहक्काला हे फार सोयीचं.

उदाहरण करून बघा. मुस्लिम मालक वारला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. बायकोला आठवा हिस्सा म्हणजे ३ किरात. उरले २१. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून मुलगा १४, मुलगी ७. बरोबर चोवीस. आता तेच घर ज्यू कुटुंबाचं असेल तर ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा असताना मुलीला वारसा नाही: २४ च्या २४ मुलाचे. बायकोला लग्नाच्या करारात लिहिलेली रक्कम, मुलीला लग्नापर्यंत पोटगी आणि हुंडा.

मिसळ झाली ती इथूनच. सात किरातवाल्या मुलीचं लग्न दुसऱ्या गल्लीत झालं, तिने वाटा विकला, घेणारा जो पैसे देईल तो. दोन पिढ्यांनी एका वाड्यात तीन धर्मांचे वाटेकरी. कोणी ठरवून एकत्र राहायला आलं नव्हतं, वाटे विकत विकत लोक एका जिन्यावर आले. सत्रात हे नक्की सांगा, कारण चाळीची पागडी जशी हात बदलते ते पाहिलेल्या माणसाला लगेच पटेल.

परका वाटेकरी नको असेल तर उपाय होता: शुफा. सहहिस्सेदाराने वाटा बाहेर विकला तर तोच भाव देऊन तो आपल्याकडे ओढून घ्यायचा हक्क. इस्लामी कायद्याच्या चार पंथांपैकी हनफी पंथात हा हक्क लगतच्या शेजाऱ्यालाही आहे, शाफई आणि मालिकी पंथांत फक्त सहहिस्सेदाराला. मुस्लिम खरेदीदाराविरुद्ध मुस्लिमेतराला तो मिळतो का? हे तिघे हो म्हणतात, चौथे हनबली नाही म्हणतात. हनफी नियमात मेख अशी की विक्री कानावर आल्याबरोबर हक्क बोलून दाखवावा लागतो. चार दिवस विचार करत बसला की गेला.

घराच्या खर्चात तीन गोष्टी नेहमी येतात. एक, हिक्र: खालची जमीन सरकारची किंवा वक्फाची असेल तर तिचं भुईभाडं. दोन, रात्रीच्या रखवालदाराची वर्गणी. तीन, मैला वाहून नेणाऱ्या नळांची सफाई. ज्यू पंचायतीच्या धर्मादाय घरांचे जमाखर्च शिल्लक आहेत, त्यांत ही सफाई पुन्हा पुन्हा येते आणि रक्कमही किरकोळ नसते. भाड्यातून हे सगळं वजा जाऊन जे उरे त्यातून गरिबांना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, भाकरी वाटत.

शनवार_तेली

भागीदारीचं मी लिहितो. यावर प्रत्यक्ष कागद आहे आणि तो सोन्यासारखा आहे.

मैमोनिदीज (जन्म कॉर्दोबा ११३८, मृत्यू १२०४) ११६० च्या दशकात फुस्तातला येऊन राहिला. ज्यू धर्मशास्त्रातला त्या काळचा शेवटचा शब्द त्याचा. त्याला लेखी प्रश्न आला: काही ज्यू आणि काही मुस्लिम कारागीर एका कारखान्यात भागीदार आहेत, एकीकडे सोनारकाम, दुसरीकडे काचकाम. हत्यारं सामायिक. ठरलंय असं की शुक्रवारची कमाई ज्यूंची आणि शनिवारची मुस्लिमांची. हे चालेल का? त्याने परवानगी दिली, अट एकच: शनिवारच्या कमाईतलं काहीही ज्यू भागीदाराने घ्यायचं नाही.

त्याच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात याचा नियम जास्त काटेकोर आहे, आणि गंमत सगळी तपशिलात आहे. वाटणीची ही अट धंदा सुरू करतानाच बोलून ठेवायची. "शनिवारचं कमीजास्त तुझं, त्याच्या बदल्यात दुसऱ्या एका दिवसाचं माझं" असं पहिल्या दिवशी ठरलं तर दोन्ही दिवसांचा हिशेब सरळ. आधी ठरवलं नाही आणि वर्षअखेरीला वाटायला बसले, तर सगळ्या शनिवारांचा नफा मुस्लिम भागीदाराचा, बाकीचा निम्मा निम्मा, आणि ज्यूला बदली दिवस मागता येत नाही. कारण सोपं आहे: नंतर बदली मागितली की शनिवारी दुसऱ्याने काम केलं ते जणू ज्यूच्या वतीने, असा अर्थ होतो.

शनिवारचा नफा वेगळा लिहूनच ठेवला नसेल तर? मग एकूण नफ्याचा सातवा हिस्सा आधी बाजूला काढायचा, तो मुस्लिमाचा, आणि राहिलेला वाटायचा. नफा ७० दिनार असेल तर १० बाजूला, उरलेले ६० पैकी ३०-३०. शेवटी एकाला ४०, दुसऱ्याला ३०. तेच आधी अट घातली असती आणि दोन्ही दिवस सारखे चालले असते तर ३५-३५. न बोलण्याची किंमत ५ दिनार. फुस्तातमध्ये साधारण दोन दिनारांत बेताच्या कुटुंबाचा महिना निघायचा, म्हणजे अडीच महिन्यांचा घरखर्च गेला. हे गणित सत्रात फळ्यावर मांडा.

आपल्या लोकांना शनिवारची सुट्टी परकी वाटायचं कारण नाही. कोकणात अष्टागराच्या बाजूला बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. शब्द मराठीच आहे, गावानेच दिलेला. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ मध्ये झालं. तिला लोक जुनी मशीद म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. मुस्लिमाचा हात लागलेली वाइन ज्यूने प्यायची नाही, पण विकायला हरकत नाही, असा मैमोनिदीजचाच निर्णय आहे. मूर्तिपूजकाचा हात लागला तर विकायचीही नाही. म्हणजे मुस्लिमाला तो मूर्तिपूजक धरत नव्हता, आणि तो फरक थेट व्यापाऱ्याच्या खिशाला लागत होता.

भायखळा_पूर्व

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण त्यातून चित्र जरा गुळगुळीत होतंय. समानता नव्हती. हे आधी सांगितलं नाही तर श्रोते चुकीचं घेऊन घरी जातील.

जिझिया हा डोईपट्टीचा कर प्रत्येक प्रौढ, सुदृढ मुस्लिमेतर पुरुषावर. बायका, मुलं सुटत. कायद्याच्या पुस्तकात श्रीमंताला ४, मध्यमाला २, गरिबाला १ दिनार. प्रत्यक्षात फुस्तातच्या गरिबालाही दीड दिनाराच्या वर पडायचा. वर शनवार तेलींनी महिन्याचा घरखर्च दिलाय, त्याच्याशी ताडून बघा: हातावर पोट असलेल्याला तीन आठवड्यांची कमाई एकदम काढून द्यायची. भरल्याची पावती, तिला बराअ म्हणत, जवळ बाळगावी लागे. ती नसेल तर दुसऱ्या गावी जाणं मुश्कील, थकबाकी राहिली तर कोठडी. फुस्तातच्या ज्यू पंचायतीच्या वर्गणीतला मोठा भाग गरिबांचा हा कर भरण्यात जायचा. सिनेगॉगमध्ये नावं वाचून पैसे गोळा करत.

दुसरी गोष्ट साक्षीची. काझीच्या कोर्टात मुस्लिमाविरुद्ध मुस्लिमेतराची साक्ष चालत नसे. समजा शेजाऱ्याने पैसे बुडवले आणि व्यवहाराला फक्त तुमचे जातभाई हजर होते, तर तुमच्या हातात काही नाही. म्हणून शहाणा माणूस कागद दोन करायचा: एक आपल्या धर्माच्या कोर्टात, हिब्रू लिपीत, आणि एक काझीकडे, अरबी लिपीत, काझीने मान्य केलेल्या मुस्लिम साक्षीदारांच्या सह्यांनी. घराची खरेदी असेल तर दुसरा कागद टाळणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. दोन्ही प्रकारचे कागद बेन एझ्राच्या जुन्या कागदांच्या कोठीत, गेनिझात, मिळाले. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टरने ते केंब्रिजला नेले, तिथे आज सुमारे १,९३,००० तुकडे आहेत.

आणि चतुःसीमांनी दिलेल्या वारसाच्या उदाहरणाला पुढची पायरी आहे. ज्यू मुलीला आपल्या कोर्टात शून्य आणि काझीकडे हिस्सा. मग ती काझीकडे जाणारच. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, चिडत, बहिष्काराची धमकी देत, तरी लोक जात. एका शहरात दोन-तीन कोर्टं शेजारी असली की गरजू माणूस जिथे न्याय जवळ वाटेल तिथे जातो. बायकांना यातून बळ मिळालं, पण स्वतःच्या समाजातली जागाही काही वेळा गेली. ही बाजू सत्रात यायलाच हवी.

बिघडायचं कुठे? गल्लीत भांडणं होत, पण मोठं नुकसान वरून येई. अल-हाकिम (राज्य ९९६ ते १०२१) या, तेव्हा इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्यातल्या खलिफाने जेरुसलेमचं पवित्र थडग्याचं चर्च १००९ मध्ये पाडायला लावलं, आणि १०१२ च्या सुमाराला फुस्तातचं बेन एझ्राही पाडलं गेलं. हमामात, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, सगळे उघडे असतात, धर्म ओळखू येत नाही, म्हणून तिथे ख्रिश्चनाच्या गळ्यात क्रूस आणि ज्यूच्या गळ्यात घंटा असा हुकूम निघाला. नंतर त्यानेच बळाने बाटलेल्यांना परत जायची मुभा दिली, आणि सिनेगॉग १०४० पर्यंत पुन्हा उभं राहिलं. नियम असा की नवं प्रार्थनास्थळ बांधायचं नाही, जुन्याची दुरुस्ती चालेल. त्यामुळे प्रत्येक बांधकामात वाद एकच: ही दुरुस्ती की नवीन काम? एखाद्याला त्रास द्यायचा तर एवढं बोट पुरे.

याच फातिमी घराण्याच्या राजवटीत याकूब इब्न किल्लिस हा मूळचा ज्यू, इस्लाम स्वीकारून वझीर झाला. ईसा इब्न नस्तूरस ख्रिश्चन राहूनच त्या पदाला पोचला. आणि ११३५-३७ मध्ये बहराम हा आर्मेनियन ख्रिश्चन वझीर होता. तेव्हा "दबलेले" म्हणणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं. पण अशी माणसं जेवढी वर जात, पडताना तेवढाच राग त्यांच्या सगळ्या समाजावर निघे.

पुढे मामलुक सुलतानांच्या काळात पकड आवळली. १३०१ च्या फर्मानाने ख्रिश्चनांना निळी पगडी, ज्यूंना पिवळी, शोमरोनींना (ज्यूंच्या जवळचा एक छोटा पंथ) लाल. १३२१ मध्ये चर्चं फोडली गेली, शहरात आगी लागल्या. मात्र कॉप्ट कारकुनांना काढून टाकायचे हुकूम पुन्हा पुन्हा निघाले आणि पुन्हा पुन्हा त्यांनाच बोलवावं लागलं, कारण जमिनीची मोजणी आणि साऱ्याचं दप्तर त्यांच्या घराण्यांच्या हातात होतं. कुलकर्ण्याला काढलं तर गावचा हिशेब कोण सांगणार, तशी गत.

वाचनकट्टा_दादर

तिघांचेही मनापासून आभार. ४०-३० चं गणित आणि दोन कागदांची गोष्ट तर घेणारच. आणखी एक: तीन धर्मांची तीन पंचांगं असताना तारखा, सण आणि सारा यांचा मेळ कसा बसवत?

मोडी_दप्तर

मेळ बसवत नसत, तिन्ही चालू ठेवत. ज्यू कागदांवर सेल्युकीय सन (अलेक्झांडरच्या सेल्युकस या सरदाराच्या नावाचा), कॉप्टांचा हुतात्म्यांचा सन इ.स. २८४ पासून, मुस्लिमांचा हिजरी. नोव्हेंबर ११६८ मध्ये वझीर शावरने, क्रूसेडर राजा अमालरिकच्या हाती पडू नये म्हणून, फुस्तात पेटवलं. तो दिवस सेल्युकीय १४८०, कॉप्टिक ८८५, हिजरी ५६४. आपला शके १०९०. एका घटनेवर हे चार आकडे शेजारी लिहून दाखवा, मग काही समजावावं लागणार नाही.

खरी अडचण साऱ्याची. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा ११ दिवसांनी छोटं. पीक येतं नाईलच्या पुरावर आणि पूर येतो सूर्याच्या हिशेबाने. हिजरी तारखेला सारा मागितला तर थोड्याच वर्षांत पीक उभं असतानाच वसुली दारात येईल. म्हणून मुस्लिम सरकारने शेतसाऱ्यासाठी कॉप्टिक सौर महिने ठेवले. वर्षाचा आकडा मात्र हिजरी धरत. आता ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षं होतात, म्हणजे तेवढ्या काळात साऱ्याचं वर्ष एकाने मागे पडतं. मग मधलं वर्ष कागदावर गाळून आकडा पुढे सरकवायचा. याला तहवील म्हणत. हिजरी ५०१ मध्ये वझीर अल-अफ्दलने ती केली. तहवील वेळेवर केली नाही तर दप्तरातलं साल एक आणि चालू साल दुसरं, आणि थकबाकी नेमकी कोणत्या वर्षाची यावर भांडण.

मोडी वाचणाऱ्याला हे ओळखीचं आहे. आपल्या जुन्या कागदांतला सुहूर सन याच गरजेतून आला. आकडे अरबी शब्दांत, पण वर्ष सौर, सूर्य मृगात गेला की सुरू, म्हणून मृगसाल. पेरणीला जुळणारं वर्ष हवं ही गरज दख्खनलाही होती आणि मिसरलाही, म्हणजे इजिप्तलाही.

पुराचं माप रोडा बेटावरच्या नाईलमापीवर घेत. आजची वास्तू ८६१ मधली. मधोमध खांब, त्यावर हाताच्या खुणा. पाणी १६ हातांवर गेलं की पूर्ण सारा घ्यायला सरकार मोकळं, आणि शहराचा कालवा फोडायचा उत्सव. पाणी कमी पडलं तर तिन्ही धर्मांचे लोक आपापल्या पद्धतीने पाण्यासाठी प्रार्थना करत, कारण महागाई धर्म बघून येत नाही.

सणाचं एक जवळून पाहिलेलं वर्णन आहे. अल-मसूदी हा मुस्लिम प्रवासी लेखक हिजरी ३३० मध्ये, म्हणजे जानेवारी ९४२ मध्ये, फुस्तातला गितासच्या रात्री हजर होता. हा ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण. राज्यपाल इखशीदने रोडा बेटाच्या आणि शहराच्या काठावर हजार मशाली लावायला सांगितल्या होत्या, लोकांनी लावलेल्या वेगळ्या. मुस्लिम आणि ख्रिश्चन दोघेही नदीवर, होड्यांत, काठावर, उत्तम कपडे घालून, खाणंपिणं, वाद्यं. बरेच जण नाईलमध्ये डुबकी मारत, त्याने वर्षभर आजार येत नाही असा समज. यात्रेसारखंच दृश्य.

आणि हाच मसूदी ९१६ च्या सुमाराला आपल्या चौलला येऊन गेला होता. तो गावाला सैमूर म्हणतो. तिथे शिलाहार राजा झंझच्या राज्यात सुमारे दहा हजार मुस्लिम राहतात आणि त्यांचे तंटे त्यांच्यातलाच राजाने नेमलेला मुखिया सोडवतो, त्या पदाला हुनरमन म्हणतात, असं तो लिहितो. म्हणजे हिंदू राजाच्या बंदरात मुस्लिमांना जी सोय होती, तिच्या जवळची सोय मुस्लिम राज्यातल्या फुस्तातमध्ये ज्यूंना आणि कॉप्टांना होती. दोन्हीकडे व्यापार परदेशी माणसावर चालत होता आणि आपल्या तंट्याला आपला न्याय मिळणार नसेल तर व्यापारी त्या बंदरात गलबत लावत नसे. एकच माणूस दोन्ही ठिकाणी उभा राहून पाहून गेलाय, हा दुवा अजिबात सोडू नका.

चतुःसीमा

मोडी_दप्तर, मसूदीचा दुवा झकास.

वाचनकट्टा, एक सावधगिरी. गेनिझातले कागद ज्यूंनी टाकलेले आहेत. त्यात मुस्लिम आणि कॉप्ट दिसतात ते ज्यूंच्या व्यवहाराच्या खिडकीतून. दोन मुस्लिमांतला किंवा मुस्लिम आणि कॉप्ट यांच्यातला व्यवहार तिथे क्वचित. त्यामुळे "फुस्तातचे लोक असं करत" म्हणताना कोणाच्या कागदावरून बोलतोय ते सांगत चला.

दीड तासाची मांडणी सुचवायची तर: पहिली वीस मिनिटं घराला द्या. प्रत्येक गटाला २४ चौकोनांचा कागद द्या, ३-१४-७ रंगवायला सांगा, मग मुलीचे ७ तिसऱ्याच गटाला विकायला लावा, आणि विकल्याबरोबर शुफा कोण ओरडून मागतो ते बघा. त्यानंतर ७० दिनारांचं गणित, अर्धा तास सहज जातो, लोक आपल्या भागीदाऱ्यांची उदाहरणं द्यायला लागतील तेव्हा आवरावं लागेल. मग जिझिया, साक्ष, अल-हाकिम, १३०१ हे सलग अर्धा तास, इथे घाई करू नका. शेवटी पंचांगं आणि चौल. कोणाकडे जुन्या खताची झेरॉक्स असेल तर आणायला सांगा, नावं झाकून. चतुःसीमेचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा, आधी पूर्वेपासून, मग त्यांच्या क्रमाने दक्षिणेपासून.